एकसष्ट सालचे अकरा

माणसाची सद्दी संपते त्या क्षणी जगात कुठेतरी काहीतरी हलते, निदान वारा तरी पडतो, असे मला तरुणपणी वाटायचे. माझी संपली तेव्हा मी ऑर्व्हिल प्रुएटच्या सलूनमध्ये उभा होतो, मानेवर पावडर होती, आणि समोरच्या बियाण्यांच्या दुकानाबाहेरचा झेंडा पूर्वीइतकाच फडफडत होता. अकरा वर्षे, दर तीन आठवड्यांनी, मंगळवारी पावणेदहाला मी त्या खुर्चीत बसत आलो होतो. केस कापून झाले की ऑर्व्हिल मानेवर ब्रश फिरवायचा, गल्ल्याशेजारची हिरव्या पुठ्ठ्याची वही उघडायचा, तीन आठवड्यांनंतरचे पान काढायचा, पेन्सिल जिभेला लावायचा आणि लिहायचा: कोच. नाव नाही, नुसते कोच. हार्लन क्रीकमध्ये एका वेळी दोन कोच असू शकतात हे त्याला मान्य नव्हते. त्या मंगळवारी त्याने वही उघडली, पान काढले, पानाकडे जरा वेळ पाहिले आणि वही मिटली. "ये मग," तो म्हणाला, "जमेल तसा." आणि आधीच स्वच्छ असलेला कंगवा पुसायला लागला.

जमेल तसा. बाहेर गाडीत बसल्यावर मी ते दोन शब्द जिभेवर घोळवून पाहिले. त्यांत दुष्टावा नव्हता. दवाखान्यातून घरी सोडताना रोग्याला 'आता काहीही खा' म्हणतात, तसा तो सूर होता. या धंद्यात सव्वीस वर्षे काढल्यावर एक कळते, की कोचला काढणार आहेत हे गावाला कोचच्या आधी कळते. आधी बँकेत, मग चर्चमध्ये, मग किराणा दुकानात. तिथे पिशवी भरणारी बाई अंडी खाली आणि डबे वर ठेवायला लागते. पण ऑर्व्हिलची गोष्ट वेगळी होती. पहिल्या वर्षी आम्ही नऊ सामने हरलो तेव्हाही त्याने वहीत कोच लिहिले होते. आमच्या हार्लन स्टेट कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची टीम कँटवेलकडून लागोपाठ सात वर्षे हरली. त्या प्रत्येक हारीनंतर मी त्याच्यापुढे मान खाली घातली, आणि वस्तरा मानेवरून फिरताना एकदाही थबकला नाही. आता शनिवारी पुन्हा कँटवेल होते. आठवी वेळ. ती हरलो तर मला ठेवणार नाहीत हे कुणी मोठ्याने बोलत नव्हते, कारण गरज नव्हती. मग शनिवार अजून चार दिवस लांब असताना ऑर्व्हिलने मंगळवारीच वही का मिटली?

खरे तर त्या दिवशी सलूनमध्ये नेहमीपेक्षा निराळे काही बोलणे झाले नव्हते. खिडकीजवळच्या खुर्चीत डॉक्टर हॅगन होते. ते दंतवैद्य, निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली. केस जवळजवळ नाहीत, तरी दर मंगळवारी येतात, कारण ते बोलत असताना तोंड उघडून बसणारे लोक त्यांना आता दुसरीकडे मिळत नाहीत. विषय नेहमीचाच: एकसष्ट सालची टीम. हार्लन क्रीकमध्ये इतर विषय एकसष्टपाशी येऊन थांबतात, जसे रस्ते पुतळ्यापाशी येऊन थांबतात. त्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही तेरा–सात असे पुढे होतो, शेवटचे काही सेकंद उरले होते, कँटवेलचा चेंडू आमच्या गोलरेषेपासून एक यार्डावर, ती ओलांडली की सात गुण, आणि त्यांचा शेवटचा प्रयत्न. आमच्या अकरा पोरांनी तो एक यार्ड दिला नाही. स्टेडियमच्या दारात ब्राँझच्या पाटीवर ती अकरा नावे आहेत. शेजारी अ‍ॅमस बर्कहार्ट, त्यांचा कोच, दीडपट आकारात ब्राँझचा, उजवा हात उगारलेला. परगावच्या लोकांना वाटते तो कुणाला मारतो आहे. त्याची पद्धत होती ती. तो बदली खेळाडूला नावाने बोलवायचा नाही, कारण नावे त्याच्या लक्षात राहत नसत. बाजूला ओळीत उभ्या असलेल्या पोरांच्या मागून चालत यायचा आणि पाठीवर थाप मारायचा. थाप पडली की पळायचे.

"बर्कहार्ट आज असता," हॅगन म्हणाले, "तर सात वर्षं हरला नसता."

"आज असता तर एकशे तीन वर्षांचा असता, डॉक्टर," मी टॉवेलखालून म्हणालो.

"तरी पहिल्या अर्ध्यात पुढे असता. ती पोरं वेगळी होती, ड्वाइट. गवत कापून, दूध काढून सरावाला यायची. तुझी पोरं कानात बोंडं घालून येतात."

"माझा सगळ्यात लहान पोरगा त्यांच्या सगळ्यात मोठ्यापेक्षा चाळीस पौंडांनी जड आहे."

"जड काय, फ्रीजसुद्धा जड असतो."

ऑर्व्हिल कात्री थांबवून म्हणाला, "थंडी फार होती त्या दिवशी. गोलरेषेवरचा चुना गोठून खडूसारखा झाला होता. हाताला लागत होता." हॅगननी आरशातून माझ्याकडे पाहून डोळा मारला. हाही नेहमीचाच भाग. ऑर्व्हिल एकसष्टच्या टीममध्ये होता हे खरे. राखीव, सदुसष्ट नंबर, चार वर्षांत अकरा मिनिटे खेळलेला. पण तो म्हणायचा की त्या शेवटच्या वेळी तो आत होता. पाटीवर त्याचे नाव नाही. पन्नास वर्षे तो शांतपणे म्हणत आला होता, 'मी होतो तिथे,' आणि पन्नास वर्षे गाव डोळा मारत आले होते. "तू होतास ना," हॅगन म्हणाले, "बाकावर. मी मागेच बँडमध्ये होतो, ढोल घेऊन. तुझं मुंडकं मला दिसत होतं." ऑर्व्हिलने कात्री पुन्हा चालू केली. गावाला एक निरुपद्रवी खोटारडा लागतो, तो ऑर्व्हिल होता. आणि एक हरणारा लागतो. आम्हा दोघांचे जमायचे ते त्यामुळेच असावे.

दुपारी मी फिल्मच्या खोलीत गेलो. या खोलीला खिडकी नाही. तिथे नोव्हेंबर नसतो, दुपार नसते, फक्त मशीनची घरघर, जुन्या गालिच्याचा वास आणि भिंतीवर पळणारी माणसे. माझे निम्मे आयुष्य असल्या खोल्यांत गेले. लग्नानंतर पहिल्या वर्षी नोरीन विचारायची, काय बघतोस रे इतका वेळ तेच तेच? मी सांगायचो, प्रत्येक वेळी वेगळे दिसते. ते खोटे होते. प्रत्येक वेळी तेच दिसते, आणि तीच त्यातली मजा. तिथे सगळे आधीच होऊन गेलेले असते, चेंडू सुटणार असतो तो सुटतोच, मी काही करू शकत नाही, आणि काही करू शकत नाही म्हणून मला कुणी काढू शकत नाही. त्या आठवड्यात टेबलावर एक नवी डबी होती. बर्कहार्टची बायको वसंतात वारली, तिच्या तळघरात एकसष्टच्या त्या सामन्याची पूर्ण रीळ सापडली. आजवर सगळ्यांनी पाहिलेला तुकडा सहा सेकंदांचा होता: चेंडू सुटतो, ढीग होतो, ढिगातून एक हात वर येतो. आता सुवर्णमहोत्सव म्हणून तेच सहा सेकंद शनिवारी मधल्या सुटीत मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते, आणि आमच्या फिल्मवाल्या मुलीने, प्रियाने, पूर्ण रीळ धुऊनपुसून माझ्यासाठी ठेवली होती. "कोच, तुम्हाला बघायला आवडेल," तिने चिठ्ठीवर लिहिले होते. तिला वाटले मला स्फूर्ती मिळेल.

माझी एक सवय आहे. ती प्रत्येक कोचला असते, पण माझी जरा जास्त. चेंडू सुटण्यापूर्वी मी माणसे मोजतो. आपली अकरा हवीत. दहा असली तर भोक पडते, बारा असली तर पंच पिवळा रुमाल फेकतात आणि तो प्रयत्न रद्द होतो. सव्वीस वर्षे मी मोजतो आहे. चर्चमध्ये गायकवृंद मोजतो. सासऱ्यांच्या अंत्यविधीला खांदेकरी मोजले. सहा होते, बरोबर होते. फिल्म बघतानाही मोजतो, जरी तिथे मोजून उपयोग नसतो. तर पडद्यावर तो तुकडा सुरू होण्याआधीचे दृश्य आले, जे कुणी पाहिलेले नव्हते: राखाडी मैदान, पोरांच्या तोंडाच्या वाफा, झाडांच्या काटक्या, आमची ओळ खाली वाकते आहे. मी मोजले. बारा.

पुन्हा मागे घेतले. पुन्हा बारा. आमची ओळ वाकते आहे, आणि कडेने एक जण पळत येतो, जरा बावरून, दोघांच्या मधे जागा बघतो आणि वाकतो. त्याच्या पाठीवर सदुसष्ट आहे. मग चेंडू सुटतो, आणि कँटवेलचा चेंडूवाला नेमका तिथे घुसतो, जिथे जागा असायला हवी होती आणि जिथे आता सदुसष्ट नंबर आहे. मग ढीग. ढिगातून हात वर येतो. मी मशीन थांबवून त्या हाताकडे बघत बसलो. गेली अकरा वर्षे तो हात माझ्या कार्यालयाच्या भिंतीवर फोटोत आहे. त्या हाताची दोन बोटे किंचित वाकडी आहेत. सकाळीच त्या बोटांत कात्री होती.

मी इतिहास शिकलो. पदवी आहे, फ्रेममध्ये आहे, नोरीनच्या शिवणयंत्रामागे. इतिहास शिकलेल्याला असा कागद सापडला की त्याने आनंदाने टेबलावर हात आपटावा अशी अपेक्षा असते. मला मात्र गुंगी आल्यासारखे वाटले, तापात वाटते तसे, सगळे जवळ आणि मऊ. ज्या विजयाने मला अकरा वर्षे रोज सकाळी मोजले, तो एक माणूस जादा घेऊन मिळवलेला होता. पंच तिघेच होते, थंडीने वाकलेले, ढिगाकडे बघत. मोजणारे कुणी नव्हते. आज मैदानावर सात पंच, वर खोलीत एक, सोळा कॅमेरे, आणि घरी सोफ्यावर बसलेले लाखभर लोक, ज्यांना दुसरे काम नाही. काळाकाळात फरक काय, यावर हॅगन आणि मी अकरा वर्षे भांडलो. पोरे जड झाली का, चपळ झाली का, दूध काढायची का. फरक इतकाच निघाला की तेव्हा कुणी मोजत नव्हते. मी ते दृश्य त्या दुपारी कितीदा पाहिले ते मोजले नाही. माणसे मात्र दर वेळी मोजली. बारा. बारा. बारा. हळूहळू तो आकडा गोड लागायला लागला, दार नीट बसल्यावर येणाऱ्या आवाजासारखा. अकरांत नेहमी काहीतरी कमी वाटते. बाराला कशी एक शांती आहे.

बुधवारी पेपरात आमचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे प्रमुख, फिलिप स्ट्रॅट यांचे निवेदन आले: ड्वाइट केसलरवर माझा पूर्ण विश्वास आहे. नोरीनने ते वाचले, पेपराची नीट घडी केली आणि गॅरेजमधून खोकी काढली. ती खोकी कधी फेकत नाही. सव्वीस वर्षांत सात गावे. प्रत्येक खोक्यावर आधीच्या गावांतल्या स्वयंपाकघरांची नावे खोडून पुढची लिहिलेली. "अजून शनिवार जायचाय," मी म्हणालो. "मी काही भरत नाहीये," ती म्हणाली, "हवा लावतेय." मग चहाची किटली हातात घेऊन तिने विचारले, "आणि जिंकलास तर?" मी म्हणालो, जिंकलो तर दोन वर्षे मिळतील. तिने किटली पुन्हा शेगडीवर ठेवली, पण जरा कडेला. तिच्या तशा ठेवण्यात मला एकदम ओक्लाहोमातले पहिले घर आठवले. तिथे शेगडीची एकच बाजू पेटायची. कोवळ्या सकाळी मी फळ्यावर वर्तुळे आणि फुल्या काढत बसायचो, वर्तुळे म्हणजे आम्ही, फुल्या म्हणजे ते. आणि ती मागून येऊन एक वर्तुळ जादा काढून जायची, मला उशिरा कळायचे. ती हसायची. "एक मी घातलाय," म्हणायची, "कुणाच्या लक्षात येणार नाही."

मी ती फिल्म कुणाला दाखवू शकलो असतो. स्ट्रॅटला: बघ, तुझा पुतळा कसला आहे. पेपराला. हॅगनना, सर्वांत आधी, त्यांच्या खुर्चीत. त्या आठवड्यात मनातल्या मनात माझी ती तिघांनाही दाखवून झाली. मग लक्षात आले की दाखवली तर ऑर्व्हिल खरा ठरतो आणि त्याच क्षणी सामना खोटा ठरतो; पन्नास वर्षे तो जे म्हणत आला ते शाबीत होईल, आणि ज्यासाठी म्हणत आला ते उरणार नाही. माझा निर्णय मी शनिवारनंतर ढकलला. जिंकलो तर गरज नाही, हरलो तर कोण ऐकतो. प्रियाकडून मात्र मी त्या एका क्षणाचा फोटो काढून घेतला, सगळे बाराच्या बारा, आणि खिशात ठेवला. "फोटोत कोण शोधताय?" तिने विचारले. "ओळखीचा आहे एक," मी म्हणालो. शुक्रवारी सरावानंतर मी पुतळ्याखालून गेलो. बर्कहार्टचा तळवा पोरे उडी मारून शिवतात, त्यामुळे तो पिवळाधमक झाला आहे, बाकी सगळा हिरवट. मी कधी शिवला नव्हता. उंची पुरते माझी. हात वर केला, लावला. गार होता.

शनिवार मला अजून पाण्याखालून पाहिल्यासारखा आठवतो. ऊन होते, पण पातळ. कँटवेलच्या लोकांनी त्यांच्या बाजूला कोंबडा आणून ठेवला होता. हा म्हणजे एका जळलेल्या गोठ्यावरचा पत्र्याचा वातकुक्कुट. जो जिंकेल त्याच्याकडे वर्षभर राहतो, सात वर्षे त्यांच्याकडे आहे. वाऱ्याने तो आमच्याकडे चोच करून थांबला होता. मधल्या सुटीत मोठ्या पडद्यावर ते सहा सेकंद दाखवले, पाटीवरच्या अकरांपैकी हयात असलेले चौघे लोकरी घोंगडी पांघरून मैदानात उभे राहिले, साठ हजार लोक उठले. ऑर्व्हिल दक्षिणेच्या टोकाला नेहमीच्या जागी बसलेला मला ठाऊक होता. मी तिकडे पाहिले, पण इतक्या लांबून माणूस ठिपका दिसतो, आणि ठिपके सगळे उभे होते.

पोरे छान खेळली. हे कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. शेवटच्या मिनिटाला आम्ही चोवीस–वीस पुढे होतो, आणि मग ते घसरत घसरत आमच्या गोलरेषेपाशी आले, एक यार्डावर, शेवटचा प्रयत्न, घड्याळात चार सेकंद. साठ हजार लोकांना एकाच वेळी एकसष्ट आठवले. तो आवाज नव्हता, श्वास होता, तो मला पोटऱ्यांना लागला. माझ्याजवळ खेळ थांबवायचा एक टाइमआउट शिल्लक होता. वरच्या खोलीतून माझा सहायक टायरेल कानात बोलत होता, गोलरेषेची फळी आत गेली आहे, ठीक आहे, ठीक आहे. माझ्या उजवीकडे डीकन मोझली उभा होता. चौथ्या वर्षाचा राखीव. कँटवेलविरुद्ध चार वर्षांत एक सेकंद खेळला नव्हता. सगळा मोसम माझ्या खांद्याशी उभा राहून तो माझ्यासारखाच मोजायला शिकला होता. त्याच्या पाठीतून वाफ येत होती. मी त्याच्याकडे न बघता हात वर नेला आणि पाठीवर थाप मारली. काही म्हणायचे नव्हते. 'बघ' एवढेच असेल. किंवा तेही नसेल, हात आपला गेला. पोरगा पळाला.

मी तो पळताना पाहिला. कडेने गेला, जरा बावरला, दोघांच्या मधे जागा पाहिली आणि वाकला. टायरेलने कानात विचारले, "मोजलेस?" मी मोजत होतोच. नऊ, दहा, अकरा, बारा. तोंडांतून वाफ येत होती, ऊन राखाडी झाले होते, स्टेडियम गप्प. ते दृश्य मला तोंडपाठ होते. दार नीट बसल्यासारखे वाटले. "मोजले," मी म्हणालो. "बरोबर आहेत."

चेंडू सुटला. कँटवेलचा चेंडूवाला मोझलीवर आदळला आणि तिथेच राहिला. ढीग झाला. ढिगातून कुणाचा तरी हात वर आला. साठ हजार लोक ओरडले, आणि मी, खोटे कशाला सांगू, त्या तीन सेकंदांत जितका सुखी होतो तितका लग्नातही नव्हतो. लग्नात मी पाहुणे मोजत होतो. मग ढिगाच्या पलीकडे गवतावर पिवळा रुमाल दिसला. तो आधीपासून तिथे पडलेला होता. पंचाने माइकवर सांगितले ते सर्वांनी ऐकले, कँटवेलच्या कोंबड्यानेही ऐकले असावे. अर्धा यार्ड पुढे, प्रयत्न पुन्हा. पुन्हा झाला तेव्हा आम्ही अकरा होतो. सत्तावीस–चोवीस, कँटवेल.

मोझली माझ्यापुढे उभा राहिला. त्याचे ओठ निळे होते. "कोच, तुम्ही थाप मारलीत," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "मी मारली. सगळ्यांना सांग." त्याने सांगितले नाही. पत्रकारांना मी सांगितले, तर त्यांनी 'खेळाडूला पाठीशी घालणारा सभ्य कोच' असे छापले. खरे सांगून विश्वास न बसण्याची ती माझी पहिलीच वेळ. ऑर्व्हिलला पन्नास वर्षांची सवय होती.

रविवारी स्ट्रॅटने मला घरी बोलावून कॉफी दिली. "काल रात्रभर झोपलो नाही, ड्वाइट," तो म्हणाला. "जिंकला असतास तर गोष्ट निराळी होती. एक माणूस, यार. एका माणसाने घात केला." त्याच्या डोळ्यांत पाणी होते, ते खरे असावे, त्याला लोकांना काढताना रडू येते म्हणून तो त्या पदावर टिकून आहे. घरी आलो तेव्हा नोरीनची खोक्यांना हवा लावून झाली होती. सोमवारी नव्या कोचची घोषणा झाली. चॅड विमर, मागच्या वर्षी टेक्सासमधून हाकललेला, तेव्हापासून टीव्हीवर इतरांचे चुकते काय ते सांगणारा. पेपरात फोटो होता, मागे बर्कहार्टचा पुतळा. नोरीन म्हणाली, "इतक्या लवकर?" मी म्हणालो, आजकाल सगळे लवकर होते. ती म्हणाली, "केस बरे कापलेत त्याचे."

मंगळवारी मी गेलो. जमेल तसा. दहा वाजून गेले होते, सलूनमध्ये कुणी नव्हते, रेडिएटर खडखडत होता. केस वाढले नव्हते, तरी ऑर्व्हिलने न विचारता खुर्ची फिरवली आणि कापड पांघरले. मी कापडाखालून फोटो काढून त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. खूप वेळ पाहिले. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

"कुठं मिळाला?"

"बर्कहार्टच्या तळघरात."

"मोजलेस म्हणजे."

"तुम्ही होता तिथे, ऑर्व्हिल."

"ते मला माहितेय," तो म्हणाला. मग फोटोकडेच बघत, "माझ्या पाठीवर थाप पडली. थाप पडली की पळायचं. मागं वळून बघायची पद्धत नव्हती. ढिगातून उठलो तेव्हा बर्कहार्ट पार तिकडच्या टोकाला उभा. म्हणजे त्याची नव्हती थाप. बसमध्ये माझ्याजवळ आला, म्हणाला, पोरा, तू तिथं नव्हतास. मी म्हटलं, नव्हतो. पाच-सहा महिने नव्हतोच." त्याने बोटे माझ्यासमोर धरली. "पण ही अशीच बरी झाली, वाकडी. बघितलं की तोंडातून निघून जायचं."

"मग थाप कुणाची?"

त्याने खिडकीजवळच्या खुर्चीकडे हनुवटी केली. खुर्ची रिकामी होती. "मागं बँड होता ना. आनंदानं मारली त्यानं. त्याच्या ध्यानातही नाही." मला हसू आले, मानेवर मशीन होते म्हणून आवरले. "सांगितलं का नाहीत?" "वेडा आहेस का? उद्यापासून म्हणेल, सामना मी जिंकून दिला. मग इथं बसून ऐकायचं कुणी?"

दाराची घंटी वाजली. हॅगन आत आले, टोपी काढली, खुर्चीत बसले, माझ्याकडे पाहून आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी मान हलवली. ऑर्व्हिलने फोटो पालथा करून जुन्या कंगव्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि गुडघ्याने ड्रॉवर बंद केला.

"काय बघत होता रे?"

"कोचच्या जुन्या गावचा फोटो."

हॅगननी उसासा सोडला. "वाईट वाटलं, ड्वाइट. पण बाराजण घेऊनसुद्धा—" ते थांबले, सभ्यपणे. "एकसष्टला अकरा पुरले."

"थंडी फार होती त्या दिवशी," ऑर्व्हिल म्हणाला.

हॅगननी आरशातून मला डोळा मारला. मी, इतक्या वर्षांत प्रथमच, मारला नाही. पावडरचा ब्रश मानेवरून फिरला, मऊ, मुलाच्या झोपेसारखा, आणि क्षणभर मला वाटले की काहीच झालेले नाही, शनिवार अजून यायचा आहे, मैदानावर ऊन आहे, मी मोजीन, अकरा भरतील. टाइमआउटसाठी एक हात वर केला की पुरे. ऑर्व्हिल टॉवेल झटकायला मागे गेला. गल्ल्याशेजारी हिरवी वही उघडी होती. आजचे पान. मंगळवार, पावणेदहा, आणि त्याच्या ओल्या पेन्सिलीचे अक्षर: कोच. ती वेळ माझ्या येण्याआधीच होऊन गेली होती, आणि नावापुढे कापून झाल्याची फुली होती. मी मागचे पान उलटले. मग त्याच्या मागची सगळी. गेल्या आठवड्यातला सोमवार, सकाळी साडेआठ, सलून उघडायच्या आधीची वेळ. तिथे कोच लिहिलेले नव्हते, ऑर्व्हिल नियमाचा पक्का आहे. लिहिले होते, विमर, फोटोसाठी. पुढे फुली. खाली बारीक अक्षरात, पैसे स्ट्रॅट देईल.

शनिवारच्या सामन्याला तेव्हा पाच दिवस होते.